तंजावरच्या रुग्णनोंदींपासून मुंबईच्या संशोधनापर्यंत : स्तनकर्करोगाच्या उपचारांची वाटचाल

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात स्तनकर्करोगाच्या उपचारांवर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. गौरवाच्या प्रसंगी आजाराची चर्चा कशाला, असा प्रश्नही मनात येईल. परंतु २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत याचा क्रमांक पहिला लागतो. तरीही अनेक घरांत या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते आणि त्या संकोचापायी मोलाचे महिने निघून जातात. ज्या विषयावर घरात बोलले जात नाही, त्यावर शाळेने बोलावे, हे उचितच होय.

या विषयाचा आरंभ तंजावरपासून करण्यास कारण आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १७ व्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात मराठी राज्य स्थापिले. त्या राज्याबरोबर तेथे मराठी भाषा रुजली आणि काही कुटुंबांतून ती आजही बोलली जाते. या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर राजांनी आपले आयुष्य विद्येला वाहिले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले आणि धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था उभारली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांचे जाणकार एकत्र काम करीत. अनुभवास उतरलेले उपचार निवडून ते तमिळ पद्यांत संकलित करण्यात आले. नेत्ररुग्णांच्या तर स्वतंत्र नोंदी ठेवल्या जात. रुग्ण कोण, विकार कोणता, उपचार काय केला, गुण किती आला, हे सारे लिहून ठेवण्यात येई आणि सोबत रोगग्रस्त डोळ्याचे रंगीत चित्रही काढले जाई. हे कागद सरस्वती महालात आजही जपलेले आहेत.

त्या कागदांत आजच्या कर्करोगाची औषधे शोधावयाची नाहीत. घ्यावयाची आहे ती पद्धत. प्रत्येक रुग्णाकडे स्वतंत्रपणे पाहावे, दिसले ते लिहावे आणि लिहिलेले परस्परांशी ताडून पाहावे, हीच ती पद्धत. स्तनकर्करोगाच्या संशोधनाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जी मजल मारली, तिच्या मुळाशी हीच शिस्त आहे.

सरफोजीराजांच्या काळात या रोगावरील उपचार किती भीषण होता, याचे एक अस्सल वर्णन उपलब्ध आहे. १८११ साली पॅरिस येथे फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्या यातनांचा वृत्तान्त या बाईंनी पुढे आपल्या बहिणीला पत्राने कळविला. त्यानंतर त्या १८४० पर्यंत जगल्या. मात्र शस्त्रक्रियेने एक स्त्री का वाचते आणि दुसरी का वाचत नाही, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तराचा पहिला धागा १८९६ मध्ये हाती आला. ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी प्रगत स्तनकर्करोगाच्या रुग्णांची बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली आणि स्तनातील गाठी आक्रसल्याचे नोंदवले. बीजकोशातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा या रोगाशी संबंध असावा, असा त्याचा अर्थ होता. पुढे उलगडा झाला तो असा. अनेक रुग्णांच्या कर्कपेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारी ग्राही प्रथिने असतात. संप्रेरक त्यांना चिकटले की पेशीला वाढण्याची आज्ञा मिळते. १९७० च्या दशकात वापरात आलेले टॅमॉक्सिफेन हे औषध ती जागा आधीच अडवून बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच हे घडते. ज्या गाठीत ही ग्राही प्रथिने नाहीत, तिच्यावर मात्र या गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून आधी गाठीची तपासणी आणि मग औषधाची निवड, हा क्रम रूढ झाला.

याच काळात मुंबईत एक मराठी स्त्री याच प्रश्नाचा शोध घेत होती. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. हुजूरपागा शाळा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावे अशी होती. मुलीने जीवशास्त्राची वाट धरली आणि एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. पुढे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी.चे संशोधन केले. त्यात उंदरांच्या चार वाणांतील निरोगी स्तनग्रंथींची रचना त्यांनी बारकाईने ताडून पाहिली. रोग समजून घेण्यासाठी आधी निरोगी अवस्था नीट जाणली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. १९४९ मध्ये त्यांना पदवी मिळाली. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, तसेच संप्रेरके, विषाणू व आनुवंशिकता यांचा स्तनकर्करोगाशी असलेला संबंध अभ्यासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. पुण्यातील एका मराठी शाळेच्या बाकावर या संशोधनाचा पाया घातला गेला होता, ही गोष्ट या व्यासपीठावरून आवर्जून सांगण्याजोगी आहे.

दक्षिणेतही एका स्त्रीने असेच कार्य उभे केले. तंजावरच्या शेजारील पुदुक्कोट्टै संस्थानात जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९१२ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. धाकट्या बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू त्यांनी पाहिला होता. त्या दुःखातून त्यांनी कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालयाचा ध्यास घेतला आणि १९५४ मध्ये मद्रासच्या अड्यार भागात कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाले.

आता लक्ष्यवेधी उपचारांकडे वळू. १९८७ मध्ये अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही रुग्णांच्या कर्कपेशींत ‘हर-टू’ या जनुकाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात आणि अशा रुग्णांत रोग अधिक आक्रमक असतो. दर पाच-सहा रुग्णांमागे साधारण एकीत ही स्थिती आढळते. त्या जनुकाने तयार होणाऱ्या प्रथिनावर नेमके जाऊन बसणारे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. एके काळी ज्या निदानाने डॉक्टरांचा चेहरा उतरत असे, त्याच निदानासाठी आता प्रभावी औषध हाताशी आले. पुढे या प्रतिपिंडाला किमोथेरपीचे औषध जोडून ते थेट कर्कपेशीत पोहोचविण्याची युक्तीही साधली. बीआरसीए या आनुवंशिक दोषातही असाच मार्ग सापडला. हा दोष असलेल्या कर्कपेशीची स्वतःच्या डीएनएची दुरुस्ती करण्याची एक वाट आधीच बंद असते. ओलापारिबसारखे औषध दुसरी वाट बंद करते आणि पेशी मरते.

या प्रगतीला एक कटू बाजू आहे. ही औषधे महाग आहेत. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने २०१४ मध्ये ट्रॅस्टुझुमॅबशी साधर्म्य असलेले औषध भारतात आणले, त्यानंतर किमतीची स्पर्धा सुरू झाली. तरीही सामान्य कुटुंबाला हा खर्च जड जातो. म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्वतःला वेगळे प्रश्न विचारले. आपल्या देशातील स्त्रीला परवडेल असे काय करता येईल, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिले. गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दातांच्या दवाखान्यातही वापरले जाणारे जागा बधिर करण्याचे औषध टोचावे, सात ते दहा मिनिटे थांबावे आणि मग शस्त्रक्रिया करावी, एवढीच ही कृती. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्कपेशींना इतरत्र पसरण्याची चालना मिळत असेल, तर ती या औषधाने रोखता येईल, असा तर्क होता. देशातील ११ केंद्रांतील सुमारे १६०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून तो पडताळण्यात आला. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटातील सुमारे ९० टक्के स्त्रिया हयात होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ८६ टक्के होते. शंभरातील चार जणींचा हा फरक आहे. त्यासाठीचा खर्च शंभर रुपयांच्या आत येतो. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे उत्तर याहूनही साधे होते. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास करण्यात आला. त्यांतील निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली. ती करणाऱ्या आरोग्यसेविका किमान दहावी शिकलेल्या होत्या आणि त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले होते. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही संशोधकांनी तितक्याच प्रामाणिकपणे २०२१ मध्ये जाहीर केले. ज्या घरी मॅमोग्राफीचे यंत्र कधी पोहोचणार नाही, तेथे दहावी शिकलेल्या मुलीचे हात पोहोचले, यात शालेय शिक्षणाचे केवढे सार्थक आहे!

पालकहो, या सर्वांतून घरी न्यावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज सोडून द्यावा. आरंभी ती बहुधा दुखत नाही. स्तनाच्या आकारात, त्वचेत वा स्तनाग्रात बदल जाणवल्यास सण, लग्नकार्य वा मुलांची परीक्षा आटोपण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आई, मावशी वा आत्याला हा रोग झाला असेल, तर ती माहिती मुलींपासून लपवू नये, कारण त्यांच्या तपासणीची दिशा तीवरून ठरते. मुलग्यांनीही हे ऐकावे. आईला दवाखान्यात नेण्याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच हाती असतो.

आणि उपचार झालेच, तर बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा. गाठीत संप्रेरकांची ग्राही प्रथिने आहेत की नाहीत, हर-टू आहे की नाही, हे त्यात लिहिलेले असते आणि पुढील प्रत्येक औषध त्यावरून ठरते. दोनशे वर्षांपूर्वीच्या नेत्ररुग्णांचे कागद तंजावरकरांनी कावेरीकाठच्या दमट हवेतही सांभाळले. आपल्या आईच्या अहवालाची फाईल कपाटात कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, एवढीच विनंती करून हे भाषण संपविणे योग्य होईल.