ढगातील दप्तर

'दप्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला, आणि येताना आपला सारा परिवार बरोबर घेऊन आला. फडणीस, चिटणीस, दप्तरदार ही मूळची कामांची नावे. ती पुढे आडनावे होऊन घराघरांत नांदू लागली. या मंडळींनी रुमालांत बांधून ठेवलेल्या मोडी कागदांतूनच रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पुढच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. दोन शतके कोणीतरी तो कागद जपला, म्हणून तो इतिहासाच्या कामी आला. दप्तराचे धर्म तीन: कागद टिकावा, हवा तेव्हा सापडावा, आणि तो कोणी लिहिला याविषयी संशय नसावा.

हेच दप्तर आता ढगात गेले आहे. 'क्लाउड' या नावाने मात्र कोणी फसू नये. हा ढग आकाशात नसतो. जमिनीवरच्या भक्कम इमारतीत संगणकांच्या रांगा अहोरात्र चालू असतात, त्यांना अखंड वीज आणि थंड हवा पुरवावी लागते. त्यांतच आपले लेखन, हिशेब आणि पत्रव्यवहार ठेवलेला असतो. पूर्वी लेख ज्या संगणकावर लिहावा त्यातच तो राही. दुसऱ्याला दाखवावयाचा तर प्रत पाठवावी लागे, त्याने सुधारलेली प्रत परत येई, आणि आठवड्याने 'अंतिम', 'अंतिम सुधारित' अशा चार प्रतींतून खरी कोणती, हा वाद उभा राही. आता कागद एका जागी राहतो आणि माणसे त्याच्याकडे येतात. पुण्याचा भाऊ आणि लखनौची बहीण वडिलांच्या औषधपाण्याचा एकच हिशेब एकाच वेळी लिहू शकतात. कोणी काय बदलले याची नोंदही मागे राहते. आपल्याकडील झोहोने लेखनाचे असे साधन २००५ मध्ये पुढे आणले, गूगलचे २००६ मध्ये आले, आणि मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये तोच मार्ग धरला.

सरकारनेही ही वाट चोखाळली आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या 'ई-ऑफिस'मध्ये नस्ती, तिच्यावरील टिपणी आणि वरिष्ठांचा शेरा, सारे पडद्यावरच होते. केंद्र सरकारच्या क्लाउडला नाव मिळाले 'मेघराज'. बारसे करणारा रसिक असला पाहिजे! लखनौच्या छावणीपुरते बोलायचे, तर १६ फेब्रुवारी २०२१ रोजी 'ई-छावनी' हे संकेतस्थळ सुरू झाले. देशातील ६२ छावणी मंडळांच्या वीस लाखांहून अधिक रहिवाशांसाठी ते योजिले होते. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण, जन्ममृत्यूचे दाखले, पाण्याची जोडणी, व्यापाराचा परवाना यांसाठी घरबसल्या अर्ज करता यावा, हा त्याचा हेतू.

समजा, येथील सदर बाजारातल्या एखाद्या दुकानदाराने परवान्यासाठी अर्ज केला. जुन्या पद्धतीत त्याने चौकशीला जावे आणि 'नस्ती साहेबांकडे गेली आहे' एवढेच उत्तर घेऊन परतावे. नव्या पद्धतीत नस्ती कोणत्या मेजावर किती दिवस आहे, हे यंत्रच सांगते. विलंबाला आता नाव आणि तारीख मिळते. मी स्वतः सरकारी नोकर आहे, आणि तरीही म्हणतो, यात नागरिकाचे हित आहे. मात्र ज्याला पडदा वाचता येत नाही, त्याच्यासाठी खिडकीमागे माणूस असलाच पाहिजे. तो काढून घेतला, तर पूर्वीच्या कारकुनाऐवजी आता बाहेरच्या मध्यस्थाची मनधरणी गरिबाच्या नशिबी येईल.

आता टिकण्याविषयी. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या नस्त्यांची राख झाली. कागदावर विसंबू नये, हा धडा त्या दिवशी पुष्कळांनी घेतला. पण गोष्ट येथे संपत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी संगणक-केंद्रात विद्युत्‌घटांनी पेट घेतला. तेथील सरकारी नोकरांनी आपले कामकाजाचे कागद ज्या सामायिक कोठारात ठेवले होते, ते ८५८ टेराबाइटचे कोठार नष्ट झाले. आणि त्याची दुसरी प्रत अन्यत्र कोठेही नव्हती. तंत्रात अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा आहे. मुंबईत कागद जळाला, देजॉनला ढग जळला. आगीला दोन्ही सारखेच. तेव्हा प्रश्न कागद की पडदा असा नसून, दुसरी प्रत दूर ठिकाणी ठेवली आहे काय आणि ती उघडून पाहिली आहे काय, हा आहे.

व्यक्तींनी आणि लहान संस्थांनी आणखी एक पथ्य पाळावे. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च किंवा सोसायटीची इतिवृत्ते बहुधा उत्साही चिटणीसाच्या खासगी खात्यात राहतात. चिटणीस बदलीवर गेला, की दप्तरही त्याच्याबरोबर जाते. त्याने डोळे मिटले, तर किल्लीच हरवते. म्हणून संस्थेचे दप्तर संस्थेच्या नावे असावे, किल्ली दोघांकडे असावी, आणि वर्षाकाठी एक प्रत उतरवून निराळ्या जागी ठेवावी. भाड्याच्या जागेचा करार आपण निरखून वाचतो. ढगातील जागाही भाड्याचीच असते. आपला मजकूर कोण पाहू शकतो, आणि घर बदलावयाचे झाल्यास सामान सुटसुटीतपणे नेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

फडणिसांचा बोरू गेला, टंकलेखनयंत्र गेले, आजचा पडदाही उद्या जाईल. साधन बदलले म्हणून दप्तरदाराचे कर्तव्य बदलत नाही. रुमालाची गाठ नीट बांधली आहे ना, हे रोज संध्याकाळी पाहणारा माणूस कालही हवा होता, आजही हवा आहे. तो नसेल, तर मेघराजाच्या दरबारातही रयतेचा अर्ज गहाळ होईल.