तारेची किंमत आणि कानाची पारख

गाणें ऐकण्यास एके काळीं विजेची गरज नव्हती. किल्ली दिली कीं ग्रामोफोनची तबकडी फिरे आणि कर्ण्यांतून गवयाचा आवाज खोलीभर पसरे. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आलें, मागोमाग वाजविण्याचीं यंत्रेंहि विजेवर चालूं लागलीं, आणि आतां रसिकांच्या दिवाणखान्यांत एक नवाच वाद उपस्थित झाला आहे. भिंतींतील सॉकेटपासून अँप्लिफायरपर्यंत वीज नेणारी जी पॉवर केबल, ती उंची घेतली तर गाणें सुधारतें काय? अशा दीड-दोन मीटर केबलला कांहीं हजारांपासून लाखापलीकडेहि किंमत पडते. तिच्या योगानें तंबोऱ्याचा झंकार मोकळा होतो, डग्ग्याला वजन येतें, असें तिचे चाहते सांगतात. या म्हणण्याची छाननी करण्यास शाळेंतील पदार्थविज्ञान पुरेसें आहे.

प्रथम ही केबल करते काय, तें पाहूं. तिच्यांतून गाणें जात नाहीं. जाते ती केवळ वीज, २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला ५० आवर्तनें करणारी. नेहमींच्या अँप्लिफायरमध्यें ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवितो, रेक्टिफायर तिला एका दिशेस वळवितो, आणि कॅपॅसिटर तिचा सांठा करून चढउतार शमवितात. ओढ्याचें पाणी हौदांत सांठवून, निवळून मग नळाला सोडावें, तसाच हा प्रकार. स्पीकरला लागणारी शक्ति मिळते ती या हौदांतून.

आतां हिशेब करूं. अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची साधी केबल दीड मीटर लांब असली, तर जाऊन-येऊन तीन मीटर तारेचा रोध सुमारें दोन-शतांश ओहम भरतो. २०० वॅट घेणारें यंत्र एक अँपिअरच्या आंतबाहेर प्रवाह ओढतें. म्हणजे २३० व्होल्टपैकीं वाटेंत गमावले सुमारें दोन-शतांश व्होल्ट! शेजारीं पाण्याचा पंप सुरू झाला तरी दाब याच्या कितीतरी पट उतरतो. चांदीची केबल घेतली तरी वांचणार तो या दोन-शतांशांतील अल्पसा अंश.

मी राहतों तें पोशेरा गांव पालघर जिल्ह्यांत, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत आहे. आमच्याकडे वीज येते ती कोसच्या कोस उघड्या तारांवरून, रानांतल्या फांद्या चुकवीत. जपानांत कांहीं धनिक रसिकांनीं निर्मळ विजेसाठीं आपल्या घरापुरता स्वतंत्र खांब उभारला, अशी वार्ता २०१६ सालीं वृत्तपत्रांत आली होती. त्या खांबानें निदान शेजाऱ्यांच्या यंत्रांपासून तरी फारकत होत असेल. परंतु मागच्या सगळ्या कोसांचा दोष शेवटच्या दीड मीटरनें कसा धुवून निघावा? जाळीचें आवरण असलेली केबल रेडिओ-लहरींचा कांहीं उपद्रव अडविते हें खरें. पण जो उपद्रव मुळांत कानापर्यंत पोंचतच नाहीं, तो अडवून लाभ कोणता?

तरीहि 'आम्हांस फरक ऐकूं येतो' असें म्हणणारे लोक खोटें बोलत नसतात. किंमत ठाऊक असली कीं कान तिच्या बाजूनें साक्ष देतो. म्हणून परीक्षा डोळ्यांआड व्हावी. २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील रसिकांच्या एका मंडळानें सुमारें अडीच हजार डॉलरांच्या केबली साध्या केबलींशीं अशा रीतीनें ताडून पाहिल्या. उत्तरांपैकीं सुमारें निम्मींच बरोबर आलीं, म्हणजे नाणें उडवून यावींत तितकीं.

हा प्रयोग घरींहि करतां येतो. तंबोरा स्पष्ट ऐकूं येईल असें एक मुद्रण निवडावें. एकानें पडद्यामागें बसून, नाण्याच्या कौलाप्रमाणें, कांहीं न बोलतां केबल लावावी, दुसऱ्यानें ओळखावी. असें दहा वेळां करावें. नऊ किंवा अधिक उत्तरें निव्वळ अंदाजानें बरोबर येण्याचा संभव शंभरांत एक एवढाच असतो. तितकीं आलीं तर खुशाल केबल घ्यावी. गेल्या दिवाळींत माझा भाचा आपली मोलाची केबल घेऊन पोशेऱ्यास आला होता. त्यानें ही परीक्षा दिली आणि पांच उत्तरें बरोबर आणलीं. हंसून म्हणाला, "मामा, केबल परत नेतों; पण हा पडदाहि द्या!"

मग घरची वीज गाण्यास बाधत नाहींच काय? बाधते, पण निराळ्या वाटांनीं. पावसाळ्यांत फांदी पडून वीज गेली कीं आमच्याकडे इन्व्हर्टरवर भागवावें लागतें. स्वस्त, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि ती घरघर स्पीकरांतहि उतरते. साइन लहरीचा इन्व्हर्टर घेतल्यास हा त्रास टळतो. यंत्रें निरनिराळ्या सॉकेटांवर जोडल्यानें अर्थिंगचा फेरा पडला, तर ५० आवर्तनांची गुणगुण उठते. तंबोरा गवयाच्या षड्जाला मिळविलेला असतो. ही गुणगुण मात्र आपलाच स्वर धरून बसते, म्हणून अधिक खटकते. सर्व यंत्रें एकाच पट्टीवर जोडल्यास ती बहुधा नाहींशी होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जीविताची आहे. विलायती केबलला पुष्कळदां परदेशी प्लग असतो. तो आपल्या सॉकेटांत बसविण्यासाठीं दोन पिनांचा अडॅप्टर लावला, तर अर्थची जोडणीच तुटते. आंतील वीज यंत्राच्या धातूच्या पेटीस लागली, तर जमिनींत जाण्यास तिला वाट उरत नाहीं, आणि पेटीस हात लावणारा मनुष्यच ती वाट होतो. आमच्या कातळी जमिनींत उन्हाळ्यांत अर्थचा खड्डा सुकतो, त्यांत पाणी घालावें लागतें. शहरांतील जुन्या चाळींत आणि वाड्यांत कित्येक सॉकेटांचें तिसरें छिद्र केवळ दिसण्यापुरतें असतें.

तेव्हां उंची केबलचा मोह झाला तर क्रम असा ठेवावा. प्रथम जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें. सैल सॉकेट बदलावें. यंत्राच्या प्रवाहास पुरेल अशी, आयएसआय शिक्क्याची, तीन पिनांची केबल घ्यावी. एवढें करून पैसे उरले तर चांगले स्पीकर घ्यावेत. त्यांनीं पडणारा फरक पडद्याआडूनहि ओळखूं येतो.