तापीकाठी 'लाउदातो सी'



प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरचे, केदारेश्वराचे गाव. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या या गावात पोपच्या परिपत्रकांवर परिषद कशाला, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. पूर्वी ही पत्रे प्रामुख्याने बिशपांना उद्देशून असत. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेर्रिस' सर्व सद्भावी माणसांना उद्देशून लिहिले, तर २०१५ च्या, पर्यावरणावरच्या 'लाउदातो सी'त पोप फ्रान्सिस पृथ्वीवरच्या प्रत्येकाशीच बोलू पाहतात. पाकिटावर आपलेही नाव असेल, तर ते फोडायला हवे.

फोडायचे, पण नुसत्या बातमीच्या मथळ्यावर विसंबून नव्हे. 'लाउदातो सी'त २४६ परिच्छेद आहेत आणि सगळ्यांचे वजन सारखे नाही. १४६ वा म्हणतो, आदिवासींच्या लेखी जमीन हा विक्रीचा माल नसून देवाचे आणि पूर्वजांचे देणे आहे. त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येताना बोलणी मुख्यतः त्यांच्याशीच व्हावीत. सरदार सरोवर धरणाची झळ महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसली. अक्कलकुवा-अक्राणीतली कितीतरी कुटुंबे तळोदा-शहाद्याकडे वसवली गेली. त्यामुळे हा परिच्छेद इथे दूरचा वाटत नाही. पण १८८ वा तितक्याच स्पष्टपणे सांगतो की विज्ञानाचे प्रश्न निकालात काढण्याचा किंवा राजकारणाची जागा घेण्याचा चर्चचा दावा नाही. तत्त्व ठाम, उपाय चर्चेला खुला. धरणाची उंची व्हॅटिकनला विचारायची नसते. विस्थापितांना विचारले का, हे मात्र पत्र आपल्याला विचारते. हा भेद सुटला की भक्तही चुकतात आणि टीकाकारही.

श्रद्धावंताने पाळावे, अभ्यास कशाला, असा एक आक्षेप येतो. परिपत्रक ही अधिकृत शिकवण असते, पण तेवढ्याने त्यातले प्रत्येक विधान प्रमादातीत ठरत नाही. १९६८ च्या 'ह्युमाने विते'ने कृत्रिम संततिनियमन नाकारले, तेव्हा कॅनडाच्या बिशपांनी त्याच वर्षी सदसद्विवेकाचा मुद्दा मांडला. दुसरा आक्षेप असा की पत्रांनी काय होते? पोप तेरावे लिओ यांनी १८९३ च्या 'आद एक्स्त्रेमास'मध्ये भारतीय धर्मगुरू घडवण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या कँडीत त्यासाठी सेमिनरी सुरू झाली आणि १९५५ साली ती पुण्यात आली. म्हणजे पत्राने काही घडू शकते. मजुरीचे कोडे मात्र इतके सहज सुटले नाही. त्याच लिओंनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम'मध्ये न्याय्य मजुरी आणि कामगारांचा संघटनेचा हक्क मांडला. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने १९७२ पासून आदिवासी शेतमजुरांच्या जमिनीचे आणि मजुरीचे प्रश्न हाती घेतले, ते काही हे पत्र वाचून नव्हे. तरीही दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पत्र कुठे पुरते आणि कुठे अपुरे पडते, यावर या परिषदेत मोकळेपणाने भांडायला हरकत नाही.