स्नायूंचे विघटन आणि मूत्रपिंडांचे रक्षण
(वार्षिक सभेतील भाषण)



अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातलग आम्हांला वारंवार विचारतात, "मार पायाला लागला, मग किडनी कशी गेली?" या प्रश्नाचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या की त्यांतील पोटॅशियम व मायोग्लोबिन नावाचे लाल प्रथिन रक्तात उतरते. या विकारास ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका निकामी होतात. पोटॅशियम वाढल्यास मात्र हृदयच थांबू शकते, आणि तेथे सावरावयास फार थोडा अवधी मिळतो. लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेले रुग्ण काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावत; बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

परंतु ढिगारा हे एकमेव कारण नव्हे. पक्षाघाताने किंवा गुंगीने एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलेला वृद्ध, न थांबणारे झटके, विजेचा धक्का, उष्माघात, अतिमद्यपान, समुद्रसर्पाचा दंश अशी कारणे अनेक आहेत. केसांचा कलप पिऊन आलेल्या रुग्णाचा चेहरा व गळा सुजून प्रथम श्वास कोंडतो. लघवी काळपट होते ती त्यानंतर. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गोळ्यांनीही क्वचित असे घडते, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिनसारखे औषध जोडीला आल्यास. (म्हणून कोणी त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत!)

लघवी कोऱ्या चहासारखी दिसते. तपासणीची पट्टी रक्त दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नसतात. एरवी दोनशेच्या आसपास असणारे सीपीके हजारांत जाते, कधी लाखावरही. ते पाच हजारांपलीकडे गेल्यास मूत्रपिंडांचा धोका वाढतो.

उपचाराचा गाभा म्हणजे वेळेवर, भरपूर आणि मोजून दिलेले सलाईन. ढिगाऱ्यात अडकलेल्या व्यक्तीला शक्य तर बाहेर काढण्यापूर्वीच ते सुरू करतात. सोडा व मॅनिटॉल देण्याची प्रथा जुनी आहे. पण नुसत्या सलाईनहून त्यांचा अधिक लाभ सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडे थकलीच, तर डायलिसिस.

येथे देणगीदारांनी एक आकडा ध्यानी घ्यावा. तुर्कस्तानातील १९९९ च्या मार्मारा भूकंपात मूत्रपिंडांस इजा पोहोचलेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. ९७ दगावले, उरलेले वाचले. वाचलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत वा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. हे डायलिसिस सहसा जन्मभराचे नसते. खर्चाला भिऊन ते मध्येच थांबविण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबास आम्ही हेच सांगतो, आणि आपल्या निधीचा उपयोग नेमका त्या थोड्या आठवड्यांत होतो.

नातलगांना एक विनंती. रुग्णास आणताना तो किती वेळ जमिनीवर पडून होता, कोणती औषधे घेत होता आणि लघवीचा रंग कसा होता, हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.