मांजर घेऊन गावाला

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रवासाला निघताना मांजर आडवं गेलं, की पूर्वी माणसं दोन पावलं मागे येत, क्षणभर थांबत आणि मग निघत. आता दिवस असे आलेत, की मांजर आडवं जातच नाही. ते आपल्याच गाडीत, मागच्या सीटवर बसून आपल्याबरोबर निघालेलं असतं. फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या घरांत मे महिना आला, गणपती आले, दिवाळी आली की रिझर्व्हेशनच्या आधी एक प्रश्न निघतो. मांजराचं काय करायचं?

वाड्यात किंवा चाळीत हा प्रश्न पडत नसे. तिथलं मांजर कुणा एकाचं नसायचंच. या बिऱ्हाडात दूध, त्या बिऱ्हाडात माशाचं डोकं, आणि झोप तिसऱ्यांच्या गादीवर. एका दाराला कुलूप लागलं तर दुसरं उघडं असे. मांजराच्या नशिबी प्रवास असायचा तो एकच. फार चोरून खायला लागलं की त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचे! आणि पुष्कळदा चार दिवसांनी ते पुन्हा चुलीपाशी हजर असायचं.

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं जुनी माणसं म्हणत. त्यात तथ्य आहे. मांजर दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासतं, ते आपल्याला लाड वाटतात. पण मांजराच्या गालांत आणि पंजांत गंधाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास तिथे ठेवत असतं. रोज ताज्या केलेल्या या खुणांचा मिळून एक नकाशा होतो आणि त्या नकाशालाच मांजर घर म्हणतं. हॉटेलच्या खोलीत तुमचा पलंग असेल, टीव्ही असेल, समुद्र दिसत असेल. मांजराच्या दृष्टीने ती जागा कोरी असते. म्हणून ते पलंगाखाली जाऊन बसतं.

मग मांजरं प्रवास करतच नाहीत का? करतात. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीने 1802-03 मध्ये ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घातली, तेव्हा त्याच्या जहाजावर ट्रिम नावाचा बोका होता. सिडनीत फ्लिंडर्सच्या पुतळ्यामागे, ग्रंथालयाच्या खिडकीच्या कठड्यावर त्या बोक्याचाही पुतळा आहे. पण हा ट्रिम जन्मलाच मुळी जहाजावर, 1799 मध्ये. जहाज हेच त्याचं घर होतं आणि ते घरच प्रवास करत होतं. पुढे फ्लिंडर्स मॉरिशसला फ्रेंचांच्या कैदेत पडला. समुद्रावर वर्षानुवर्षं सुखरूप राहिलेला हा बोका तिथे, परक्या जमिनीवर, नाहीसा झाला.

मला या गोष्टीतून एवढंच घ्यावंसं वाटतं, की घराचा एक तुकडा बरोबर नेता येत असेल, तरच मांजराला न्यावं.

चार-पाच दिवसांची सहल असेल तर मांजराला घरीच राहू द्यावं, हे उत्तम. मात्र भांडंभर खाणं ठेवून कुलूप लावणं म्हणजे सोय नव्हे. कुणीतरी दिवसातून दोनदा यावं, पाणी बदलावं, वाळूचा ट्रे साफ करावा, पाच मिनिटं बसावं. शेजारधर्माची याहून चांगली परीक्षा नाही. महिनाभर गावी राहायचं असेल तर मात्र न्यावं, पण तयारीने.

आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने गणपतीला कोकणात जाताना मांजर नेलं होतं, वेताच्या टोपलीत. हायवेवर चहाला थांबले. मुलीने त्याला कुरवाळायला झाकण जरासं उघडलं. तेवढ्यात एका ट्रकने हॉर्न दिला आणि मांजर उडी मारून पावसात, झाडीत नाहीसं झालं. तीन तास त्यांनी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती बसवायचे होते, निघावंच लागलं. परतताना पुन्हा थांबले. मांजर मिळालं नाही. ती मुलगी आता कॉलेजात आहे. अजूनही ते हॉटेल जवळ आलं की ती बोलता बोलता गप्प होते आणि खिडकीबाहेर बघते.

त्यामुळे आमच्या मनीला मे महिन्यात गुहागरकडे न्यायचं ठरलं, तेव्हा तीन आठवडे आधी कॅरिअर आणला. जाळीच्या दाराची, टणक प्लॅस्टिकची पेटी. ती हॉलमध्ये उघडीच ठेवली. आत तिची जुनी चादर, न धुतलेली, कारण त्या वासातच तिचं घर होतं. जेवणही आतच. आठवड्याभरात ती दुपारची त्यात झोपायला लागली. मग गाडीतून गल्लीच्या टोकापर्यंत फेऱ्या झाल्या.

मांजरांनाही गाडी लागते. म्हणून निघण्याआधी चार-पाच तास खायला दिलं नाही. पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली घट्ट बसवली. वाटेत दार उघडायचं नाही, हा नियम सगळ्यांना सांगितला, मुलांना दोनदा. उन्हात बंद गाडीत तिला एक मिनिटही एकटं ठेवलं नाही. आम्ही पाळीपाळीने चहा प्यायलो. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते उन्हाने किंवा भीतीने त्रासलंय, हे ओळखावं. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्य औषध देतात, पण ते त्यांनाच विचारून. माणसांच्या गोळ्या मुळीच नकोत. साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

कोकणातलं घर म्हणजे पडवी, माळा, कौलांखालच्या फटी, अंगणात विहीर, आवारात फुरसं निघण्याची भीती आणि गावची कुत्री. मनीला एकच खोली दिली, दारंखिडक्या बंद. तिथे तिची वाळू, तिची चादर, तिचं भांडं. पहिला दिवस ती कपाटामागे होती. खायलाही आली नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, एक-दोन दिवस काहीच खात नसेल तर डॉक्टर गाठावा. उपासाने त्याचं यकृत बिघडू शकतं. मनी रात्री सगळे झोपल्यावर बाहेर आली आणि थोडं खाल्लं. चौथ्या दिवशी सकाळी तिने दाराच्या चौकटीला गाल घासला. त्यानंतर आम्ही खोलीचं दार उघडलं, तेही तिच्या अंगावर पट्टा घालून.

रेल्वेने जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मांजर जवळ ठेवायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गातला अख्खा कूपे आपल्याकडे हवा. विमानाचे नियम कंपनीगणिक वेगळे. आकासा एअरने 2022 पासून केबिनमध्ये मांजर-कुत्र्यांना मुभा दिली, काही कंपन्या घेतच नाहीत. लसीकरणाची कागदपत्रं मात्र कुठेही जा, जवळ असावीत.

आणि इतकं करूनही मांजर निसटलंच, तर लांब धावू नये. परक्या जागी ते बहुधा जवळच दडून बसतं. रात्री, वर्दळ थांबल्यावर, टॉर्च घेऊन हळू आवाजात हाक मारावी. घरच्याच माणसाने मारावी. अनोळखी मुलखात त्याच्या ओळखीचं दुसरं काही नसतं.