दोष गळ्याचा नव्हे, गतीचा



राजवाड्याच्या परिसरात, संगीत महालापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरी वाडवडिलांचा चावीचा ग्रामोफोन आहे. कित्येक वर्षांनी तो लावला, तेव्हा खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा स्वर मध्येच उतरू लागला. ‘तबकडी बिघडली’ म्हणून ती टाकून देण्यापर्यंत मजल गेली.

आम्ही आधी यंत्र पाहिले. उघडण्यापूर्वी चावी पूर्ण उतरू दिली. ताणलेली स्प्रिंग अवचित सुटल्यास हात जायबंदी होतो. आतले वंगण वाळून घट्ट झाले होते. ते रॉकेलने धुऊन नवे भरले, गती राखणाऱ्या गव्हर्नरला तेलाचे दोन थेंब दिले. मग तबकडीच्या कडेखाली कागदाचा कपटा ठेवून, सुई टेकवून मिनिटाचे 78 फेरे जुळविले. स्वर जागेवर आला!

दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक बाजूस पोलादी सुई नवी घ्यावी. बोथट सुई तबकडीची रेघ खरवडते. तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये. तिच्यातील लाख विरघळते.

खाँसाहेब 1937 साली याच तमिळ मुलुखात, सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर निवर्तले. यंत्र दुरुस्त होते. झिजलेली तबकडी मात्र पुन्हा उजळत नाही.

सतराव्या शतकात एकोजीराजांसवे येथे रुजलेल्या आपल्या मराठीसही कोणी ‘बिघडली’ म्हणतात. तिला टाकण्यापूर्वी आपणही घरातले वंगण तपासावे, एवढीच विनंती.