सात-बाऱ्याच्या पुढे

सामूहिक भूरक्षणात जमिनीची मालकी गावाकडे किंवा न्यासाकडे राहते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो आणि बाहेरच्याला विक्री बंद होते. भारतात या विचाराला बळ आले ते विनोबा भावे यांच्यामुळे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी जागच्या जागी १०० एकर देऊ केली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरौठने आख्खे गाव दान केले. मग ग्रामदानांची रीघ लागली, आणि त्यातली बरीचशी कागदावरच राहिली. दानपत्रावर सही घेणारे पुष्कळ होते. सही झाल्यावर वाटणी लावायला, तंटा मिटवायला थांबणारे थोडे. आज वन आणि भूरक्षणाची पदवी घेणाऱ्यांचे अभिनंदन रीतीप्रमाणे झालेच आहे. त्यांच्या व्यवसायाची ही जुनी खोड मात्र अभिनंदनात येत नाही: जमीन मिळवली की फोटो छापून येतो, सांभाळली तर कोणी विचारतही नाही.

ग्रामदानाची कल्पना पुढे अमेरिकेत पोचली. जॉर्जिया राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांना मालक जमिनीवरून हाकलत. त्यावर उपाय म्हणून चार्ल्स शेरॉड आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज ही संस्था उभारली आणि सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. पुढे दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळाले नाही आणि १९८५ मध्ये जमीन हातची गेली. वंशभेदाच्या दाव्यात २००९ मध्ये १.२ कोटी डॉलर भरपाई मिळाली, तोवर ती शेती राहिली नव्हती.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा), गोंडांचे छोटे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला आहे. तरी ग्रामसभेने बांबू विकायला काढला तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना नाकारला. आधार १९२७ च्या वन कायद्याचा. त्यात २०१७ पर्यंत बांबूची गणना झाडांत होती. वनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बांबू गवताच्या कुळात शिकवतात. तोच विद्यार्थी रेंजर झाला की बांबूला झाड म्हणून अडवत असे. परवाना नाही म्हणून ट्रक नाही, ट्रक नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. हक्क गावाचा आणि नाका खात्याचा, असा हा कारभार. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. एका पुस्तकासाठी दिल्लीचा मंत्री गावात यावा लागला, ही वनव्यवसायाला शोभा देणारी गोष्ट नव्हे.

हा लढा मेंढ्याला पेलला, कारण हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे बैठका चालू होत्या. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट बसत आणि ग्रामसभेतला निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होई. यात वेळ जातो, आणि अधिकाऱ्यांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेला तोडीचा नियम मोडणे सोपे नसते. २०१३ मध्ये याच गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आधार घेत शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले.

हक्काचा कागद हाती आल्यावरच खरे काम सुरू होते. दरवर्षी हद्द फिरावी लागते, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्या लागतात, तोडीची आणि विक्रीची वही लिहावी लागते, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी लागते. नवा वारस आला की करार पुन्हा समजावून सांगावा लागतो. यासाठी माणूस आणि राखीव निधी दोन्ही पहिल्या दिवशीच बाजूला काढावे लागतात. बहुतेक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात जमीन घेण्याचा खर्च असतो, पुढच्या तीस वर्षांचा नसतो. आणि ते अंदाजपत्रक पदवीधरच तयार करतात.